‘हो सर’: कोल्हापुरातल्या एका जिममधलं प्रकरण

पडल्यावर काकूंच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘सॉरी’ होता. लेग प्रेसच्या (पायांनी वजन ढकलायच्या) मशीनला पाठ टेकून त्या जमिनीवर बसल्या होत्या. कुर्ता घामाने चिकटलेला, ओठ पांढरेफटक, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. समोर उकिडवा बसलेला ट्रेनर त्यांच्यापेक्षा तेहतीस वर्षांनी लहान. त्याला त्या म्हणाल्या, “सॉरी हं सर, सेट राहिला.”

मी तिथे नव्हते. हे मला त्या ट्रेनरनेच चार दिवसांनी माझ्या क्लिनिकमध्ये बसून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज बसला होता. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. काकू माझ्या पेशंट. चूक कोणाची हे ठरवायला मी बसले नव्हते, पण लिहायला घेतल्यावर माझ्याच एका चुकीपाशी येऊन थांबावं लागलं. तेही पुढे येईलच. दोघांची परवानगी घेतली आहे. नावं, जिम आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत.

फॉर्मवरची खूण

काकू माध्यमिक शाळेत मराठी शिकवायच्या. २०२३च्या जूनअखेर निवृत्त झाल्या आणि सप्टेंबरात त्यांनी जिम लावली. निमित्त उजवा गुडघा. जिना उतरताना धरायचा. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट किंचित कमी झालेली, म्हणजे झिजेची सुरुवात. शिवाय नऊ वर्षांपासून ब्लडप्रेशर, त्यासाठी मेटोप्रोलॉल. सहा वर्षांपासून डायबिटीस, त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी, सकाळी नाश्त्याच्या वेळी. ट्रेनरला यातला फक्त गुडघा माहीत होता.

जिमचा फॉर्म मी नंतर पाहिला. एका पानातली निम्म्याहून जास्त जागा ‘फी परत मिळणार नाही’ हे वेगवेगळ्या शब्दांत सांगण्यात गेली होती. आरोग्याची ओळ एकच: ‘कोणता आजार आहे का? हो / नाही.’ काकूंनी ‘नाही’वर खूण केली होती. लपवायचा हेतू अजिबात नव्हता. “बीपी, शुगर कंट्रोलमध्ये आहे ना, मग आजार कुठला?” हे उत्तर मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. आपल्याकडे बीपी आणि शुगर ‘होत’ नाहीत, ती ‘असतात’, घरातल्या फ्रीजसारखी.

प्रश्न चुकीचा विचारला की उत्तर प्रामाणिक असूनही उपयोगाचं राहत नाही. व्यायामाआधी विचारायच्या प्रश्नांवर जगात बरंच काम झालं आहे. कॅनडात १९७०च्या दशकात ‘पार-क्यू’ नावाची सात प्रश्नांची यादी तयार झाली. तिच्या सुधारलेल्या रूपात छातीतलं दुखणं, चक्कर, हाडं-सांधे यांच्याबरोबर जुनाट आजारासाठी चालू असलेल्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो वेगळा असण्यातच शहाणपण आहे. आजार नाही म्हणणारा माणूस गोळीला नाही म्हणत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१५ साली आपली पद्धत सोपी केली: तुम्ही सध्या नियमित व्यायाम करता का, तुम्हाला हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहासारखा आजार किंवा त्याची लक्षणं आहेत का, आणि तुम्हाला किती जोराचा व्यायाम करायचा आहे. या तीन प्रश्नांवर काकूंचा निकाल सरळ लागला असता. डायबिटीस आहे, व्यायामाची सवय नाही, तर आधी डॉक्टरांशी बोलून या.

आता माझी चूक. काकू जिम लावायच्या आधी माझ्याकडे गुडघ्यासाठी आल्या होत्या. मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्यावरचा ताण कमी होईल म्हणून मी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘जिममध्ये स्ट्रेंथ ट्रेनिंग करण्यास हरकत नाही.’ गोळ्यांची यादी माझ्या फाइलमध्ये होती आणि चिठ्ठीवर नव्हती. ट्रेनरला फोन करावा असं मला सुचलंही नाही. त्याने ती चिठ्ठी मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. “मॅडमनी लिहिलंय की हरकत नाही,” म्हणून तो निर्धास्त होता.

वस्ताद आणि सर

ट्रेनर करवीर तालुक्यातल्या एका गावचा. शाळकरी वयात कोल्हापुरात तालमीत राहून कुस्ती केली, खांदा निखळल्यावर ती सुटली, मग फिटनेसचा कोर्स करून जिममध्ये लागला. कष्टाळू पोरगा. मोबाइलवर रील बघत ‘दहा मारा’ म्हणणाऱ्यांपैकी नाही. क्लायंटच्या समोर उभा राहून प्रत्येक खेपेवर लक्ष ठेवतो.

पण तो घडला तालमीत. तिथे वस्ताद सांगेल तेवढे जोर, सांगेल तेवढ्या बैठका. दुखतंय म्हणणारा पैलवान कच्चा. बाहेरून बघणाऱ्याला ही निव्वळ दडपशाही वाटते, मला तसं वाटत नाही. तालमीतला पोरगा तिथेच राहतो. तो काय खातो, किती झोपतो, काल कोणाशी लढताना कुठे लागलं, हे वस्तादाला न विचारता दिसत असतं. हुकूम सोडणाऱ्याच्या डोळ्यासमोर चोवीस तास असतात. जिमच्या ट्रेनरला आठवड्याचे तीन तास मिळतात. उरलेल्या एकशे पासष्ट तासांत काकूंनी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, रात्री झोप लागली की नाही, यातलं त्याला काही दिसत नाही. हुकमाची पद्धत तालमीतून जिममध्ये आली, ती नजर मात्र तालमीतच राहिली.

त्यात संबोधनांचा घोळ. तो त्यांना ‘काकू’ म्हणायचा आणि ‘अहो’ करायचा, त्या त्याला ‘सर’. जिममध्ये सगळेच म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांनी ‘बाई’ म्हटलेल्या या शिक्षिकेला ‘सर’ म्हणताना काही वाटलं नाही, उलट शिस्त वाटली. पण ‘सर’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरूनच जातं. ‘सर, मला जमणार नाही’ हे मराठीत म्हणता येतं, फक्त ते निमित्त सांगितल्यासारखं ऐकू येतं. पंचवीस-तीस वर्षं मुलांची निमित्तं ऐकलेल्या बाईला तेच सगळ्यात नकोसं होतं.

पैशाचाही भाग होता. महिन्याची बारा सेशन, पैसे आगाऊ, महिन्यात न झालेलं सेशन बुडालं. कणकण असली तरी काकू जायच्या. आणि भिंतीवर ‘आधी-नंतर’चे फोटो. ट्रेनरने पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं, “सहा महिन्यांत वजन उतरवू.” गोळ्यांचं त्याला माहीत असतं तर त्याही बंद करून दाखवू म्हणाला असता, असं तो स्वतःच नंतर खजील होऊन म्हणाला.

त्या दिवशी

डिसेंबरातला गुरुवार, मार्गशीर्ष. काकूंचा महालक्ष्मीचा उपास, संध्याकाळी पूजा झाल्यावर सोडायचा. सकाळी आठला चहा, अर्धं केळं आणि नेहमीच्या गोळ्या. “उपास असला म्हणून गोळी चुकवायची नसते,” हे त्यांना कोणीतरी पक्कं शिकवलेलं. साडेदहाला जिम.

पंधरा मिनिटं ट्रेडमिल. मनगटावरच्या घड्याळात नाडी ९६. जिमच्या भिंतीवर वयाप्रमाणे नाडीचा तक्ता लावलेला आहे, ‘२२० वजा वय’ या हिशेबाचा. ५९ वर्षांना कमाल १६१, त्यामुळे ९६ म्हणजे ट्रेनरच्या दृष्टीने फिरायला आल्यासारखं. तो म्हणाला, “काकू, पल्स वर जाईना की! आज आळस दिसतोय.” आणि त्याने चढ वाढवला. काकू हसल्या. त्यांना धाप लागली होती, पण यंत्र सांगतंय म्हणजे आपणच कमी पडतोय असं त्यांना वाटलं.

मग लेग प्रेस. पहिला सेट बरा. दुसऱ्या सेटला उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली. “होतंय ना काकू?” “हो सर.” तिसऱ्या सेटला वजन वाढवलं. काकू आता ओठ मिटून, श्वास कोंडून ढकलत होत्या. ‘दुखणं गिळायची’ त्यांची ती पद्धत. मोजायचं कामही ट्रेनरने त्यांनाच दिलं होतं, म्हणजे लक्ष लागतं. त्या मोजत होत्या: पाच, सहा, सात, सात, सात.

ट्रेनर हसला. काकू चेष्टा करतायत, त्याला वाटलं. “बाई असून पाढे चुकताय!” काकूंनी परत ‘सात’ म्हटलं. मशीनवरून उठल्या, डोळ्यापुढे अंधारी आली, आणि हात टेकत खाली बसल्या. मनगट तेव्हाच मुरगळलं.

ट्रेनरने पाय वर उचलायला घेतले, पाणी दिलं. शेजारी सायकल चालवणाऱ्या एका बाई परिचारिका होत्या. त्यांनी विचारलं, “शुगर आहे का यांना?” ट्रेनर म्हणाला नाही. काकू म्हणाल्या हो. मग साखर शोधायला पळापळ. प्रोटीनचे डबे, साखरेशिवायची कॉफी, सगळं होतं. पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत उसाने भरलेल्या या जिल्ह्यात त्या जिममध्ये साखरेचा एक दाणा नव्हता. समोरच्या चहावाल्याने डबाच आणून दिला. तीन-चार चमचे पाण्यात ढवळून पाजले. दहा-पंधरा मिनिटांत काकूंच्या चेहऱ्यावर रंग आला. पाऊण तासाने फॅमिली डॉक्टरांकडे मोजली तेव्हा साखर ८४ होती. मशीनवर असताना ती किती खाली गेली होती, याची नोंद नाही. पण घाम, गोंधळ, आणि साखर पोटात जाताच आलेला फरक पाहून डॉक्टरांना फारशी शंका उरली नाही.

शरीरात काय चाललं होतं

तीन गोष्टी एकावर एक चढल्या होत्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. नुसती मेटफॉर्मिन सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही, ही नेऊ शकते. त्यात उपास आणि त्यात मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंचं काम, जे रक्तातली साखर ओढून घेतं. ७०च्या खाली ती कमी समजतात. अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाआधी ९०च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यावं, असं अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शनात आहे.

दुसरी गोष्ट मेटोप्रोलॉल. हा बीटा ब्लॉकर. नाडी वाढू न देणं हेच त्याचं काम. त्यामुळे ९६ हा आकडा आळसाचा नव्हता, गोळीचा होता. काकू मनापासून दमलेल्या होत्या आणि घड्याळ त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होतं. वाईट म्हणजे साखर उतरताना होणारी छातीतली धडधड आणि हातांची थरथर, म्हणजे शरीराची धोक्याची घंटा, तीही हीच गोळी दाबते. घाम तेवढा दाबला जात नाही. काकूंना घाम आला होता. पण जिममध्ये घामाला कोण विचारतो?

तिसरी, श्वास कोंडणं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५च्या सुमाराला तरुण शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून व्यायाम करताना रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या जड लेग प्रेसला तो सरासरी ३२०/२५०पर्यंत गेला. धडधाकट पोरांचा. वजन सोडल्याबरोबर दाब झर्रकन उतरतो, आणि तेवढ्यात माणूस उठून उभा राहिला तर अंधारी येते. काकू ढकलत होत्या ते वजन त्या पोरांच्या मानाने काहीच नव्हतं, पण रीत तीच. डायबिटीसवाल्याच्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील तर असं कुंथून जोर लावणं डोळ्यात रक्तस्राव घडवू शकतं. काकूंनी डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला होता? तीन वर्षांपूर्वी.

गुडघ्यातली कळ या सगळ्यात किरकोळ होती. गंमत अशी की चिठ्ठीपासून व्यायामापर्यंत आम्ही सगळे त्या गुडघ्याकडेच बघत होतो.

तिघांची बैठक

पुण्याहून काकूंच्या मुलाचा फोन आला: जिम बंद. कर्नाटकची सीमा इथून जवळ. २०२१च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ वाटून अवघ्या ४६व्या वर्षी गेले, तेव्हापासून या भागात कोणी जिममध्ये नुसतं अडखळलं तरी घरचे तीच आठवण काढतात. जिमच्या मालकाने वेगळा तोडगा काढला: काकूंनी लेखी द्यावं की काही झालं तर जबाबदारी त्यांची. कागदाने साखर वर येत नाही, हे त्यांना कोणी सांगायचं.

काकू मनगट दाखवायला आल्या तेव्हा मी म्हटलं, ट्रेनरला घेऊन या. सोमवारी दोघं आले. काकू खुर्चीवर, तो उभाच. बसा म्हटल्यावर बसला.

पहिली दहा मिनिटं नुसती माफीची देवाणघेवाण. मग तो जरा तडकून बोलला, आणि बरं झालं बोलला. “मॅडम, मी रोज विचारत होतो. प्रत्येक सेटला. होतंय ना, होतंय ना. काकू रोज हो म्हणत होत्या. मला कसं कळणार?”

काकू गप्प. मग एकदम हसायलाच लागल्या. म्हणाल्या, “अरे, मी एवढी वर्षं वर्गात विचारलं, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ बाई’. त्यातल्या निम्म्यांचे पेपर कोरे. म्हणून पुढे पुढे मी ‘समजलं का’ विचारायचंच सोडलं. ‘काय समजलं ते सांग’ म्हणायचे. आणि तुझ्यासमोर मीच बाकावरची पोर झाले बघ.” त्या बोलण्याच्या भरात त्याला पहिल्यांदा ‘अरे’ म्हणाल्या.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल तिथेच लागला. ‘होतंय ना?’ हा प्रश्नच नाही, ते उत्तर आहे, फक्त समोरच्याने मान डोलवायची. त्या जागी काय विचारायचं हे आम्ही त्या दुपारी ठरवलं. अट एकच: प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देताच येता कामा नये. “कुठे जाणवतंय?” याला शरीराची जागा सांगावी लागते. “अजून किती होतील?” याला आकडा सांगावा लागतो. दोन-तीन उरलेत म्हटलं की सेट थांबवायचा. शेवटचा थेंब पिळायचा नाही. “श्वास कधी सोडला?” याला तर आठवावंच लागतं.

नाडीचा तक्ता काकूंसाठी बाद. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटतात हे माणसाने स्वतःच सांगायची मोजपट्टी बनवली. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना ती घड्याळापेक्षा भरवशाची. आम्ही शून्य ते दहाची घेतली, पाचाच्या वर जायचं नाही ठरवलं. तरी आकडा सांगतानाही भिडस्त माणूस एखादा कमीच सांगतो, म्हणून जोडीला बोलण्याची परीक्षा: ट्रेडमिलवर सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. काय बोलायचं? काकू म्हणाल्या, पाढा. ट्रेनर एकदम गंभीर झाला. ‘सात, सात, सात’ त्याच्या कानातून गेलं नव्हतं. तेव्हापासून रोज वेगळा पाढा. दम लागून तुटला तर चाल कमी. आकडेच चुकले तर व्यायाम बंद, साखर मोजायची. ही काही पुस्तकातली वैद्यकीय चाचणी नाही, आणि एकोणतीसचा पाढा मलाही धडधाकट असताना येत नाही. पण या दोघांना ती चालते.

काकूंनी एक गोष्ट जाता जाता सांगितली, दाराशी उभं राहून. पाठ सरळ करायला तो कमरेला हात लावायचा. वाईट हेतू नाही हे कळत होतं, तरी अंग चोरलं जायचं, आणि त्या नादात पाठ आणखी वाकायची. तो कानापर्यंत लाल झाला. आता आधी विचारतो, किंवा काठी पाठीला लावून दाखवतो. हीही शरीराची मर्यादाच, फॉर्मवर तिच्यासाठी ओळ नसते.

दुखण्याचे शब्द

‘दुखतंय’ या शब्दाचं काय करायचं, यावर मात्र मी अडले होते. फिजिओला रोजचीच ही अडचण. व्यायामात काहीतरी दुखणारच. सगळ्या दुखण्याला थांबलं तर स्नायू कधी वाढायचा नाही, आणि कशालाच थांबलं नाही तर काय होतं ते पाहिलंच. इंग्रजीत शिकताना आम्ही दुखण्याचे प्रकार पाठ केले होते. ते ट्रेनरला सांगून उपयोग नव्हता.

उपयोग झाला काकूंच्या विषयाचा. त्यांनी माझ्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहीत सुटल्या. रग. कळ. चमक. ठणका. उसण. शिणवटा. अंग आंबणं. पाय भरून येणं. गोळा येणं. मुंग्या. बधिर. ट्रेनरने भर घातली, तालमीतले शब्द त्याच्याकडे होतेच. अर्ध्या तासात एक भरगच्च पान झालं आणि मला जाणवलं की या कामाची हत्यारं आपल्या भाषेत आधीपासून धार लावून ठेवलेली आहेत, आपणच ‘पेन होतंय’वर आलोय.

मग वाटणी केली. मांडीला रग लागली: चालू द्या, त्यासाठीच आलोय. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं, शिणवटा आला: चालेल, दोन-तीन दिवसांत गेला पाहिजे. सांध्यात कळ आली, पाठीत चमक निघाली, उसण भरली: वजन तिथेच खाली ठेवून थांबायचं. ठणका, तोही रात्री: पुढच्या सेशनआधी मला फोन. मुंग्या किंवा बधिरपणा: थांबा आणि कळवा. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणारं दुखणं, जीव घाबरा होणं: तिथे शब्द शोधत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

चक्करेचंही असंच. ‘चक्कर आली’ म्हणून भागत नाही. अंधारी उठताना आली तर ती बहुधा दाबाची. गरगरतंय, खोली फिरतेय, तर कदाचित कानाची किंवा मानेची वाट तपासावी लागते. हातपाय गळाले, घाम सुटला, काही सुचेना, तर आधी साखर द्या, मोजणं मागाहून. पंधरा ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चमचे पाण्यात, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. गुडघ्यासाठी एक साधी खूण ठेवली: व्यायामात थोडं दुखलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या सकाळी जिना उतरताना आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखायला नको. दुखलं तर पुढच्या वेळी वजन एक पायरी खाली.

आणि एक खूण बिनशब्दांची. काकू म्हणाल्या, “मला ‘नको’ म्हणता येत नाही, सवय नाही.” म्हणून हाताचा पंजा वर केला की ट्रेनरने आधी वजन उचलून ठेवायचं, कारण नंतर विचारायचं, आणि नाही विचारलं तरी चालेल.

पुढे

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून साखर एकदम खाली न नेणारी गोळी दिली. मेटोप्रोलॉल चालूच ठेवलं. ते अचानक सोडायचं नसतं आणि ट्रेनरच्या घड्याळासाठी तर नाहीच नाही. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल निघाले, व्यायाम चालेल, श्वास कोंडू नका, वर्षाला दाखवा. उपास सोडा असं ट्रेनरने सांगायचं नाही, गोळी बदला असंही नाही. त्याने विचारायचं फक्त. सकाळी नऊला काकू त्याला व्हॉट्सअॅपवर तीन गोष्टी पाठवतात: साखर, खाल्लं काय, झोप. पहिले पंधरा दिवस पाठवल्या, मग विसरल्या, तेव्हा त्याने सेशन सुरूच केलं नाही. अर्धा तास दोघं बाकावर बसून राहिले. पुढे विसरल्या नाहीत.

सगळं काही गोड झालेलं नाही. जिमचा फॉर्म आजही तोच आहे. मालक म्हणतो, “बघू की.” आगाऊ पैसे, बुडणारी सेशन, तेही तसंच. मुलगा अजून दर रविवारी विचारतो, जिम सोडली का. आणि हा ट्रेनर इतरांना, विशेषतः तरुण पोरांना, अजून ‘आणखी दोन, आणखी दोन’ करतो. मी बोलले त्याला. म्हणाला, “मॅडम, ती पोरं घड्याळ दाखवून उलट मलाच ओरडतात, अजून टाका म्हणून.” यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. माझ्या चिठ्ठीवर मात्र आता गोळ्यांची यादी आणि माझा नंबर असतो.

त्याने स्वतःच्या खर्चाने एक वही केली आहे. पहिल्या पानावर काकूंच्या अक्षरातले ते सगळे शब्द. जिमच्या काउंटरवर प्रोटीनच्या डब्याशेजारी साखरेची बरणी. गेल्या महिन्यात वही मला दाखवायला आणली, संकष्टीच्या दिवसाची नोंद उघडून:

‘उपास. साखर ९६, खजूर २, राजगिरा लाडू १. ट्रेडमिल १५ मि., पाढा तेवीसचा, बरोबर. लेग प्रेस १२ च्या ३, उरलेले ३. रग दोन्ही मांड्या. कळ नाही. गुढगा ठिक.’

शेवटचे दोन शब्द लाल शाईने खोडलेले होते. वर लिहिलं होतं, ‘गुडघा ठीक’, आणि पुढे: ‘पाच वेळा लिहिणे.’ खाली त्याने पाच वेळा लिहिलं होतं.